जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार का उतरते?
डायनॅमो व चार्जिंग-व्यवस्थेतील दोष शोधण्याची पद्धती

मृगाचा पाऊस पडून गेला आहे, शेतात वाफसा आला आहे, आणि नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरत नाही, हा प्रसंग जुना ट्रॅक्टर बाळगणाऱ्या अनेक शेतकऱ्यांच्या वाट्याला येतो. चार माणसे गोळा करून ट्रॅक्टर उतारावर ढकलला जातो व कसेबसे इंजिन सुरू होते. संध्याकाळी शेतकरी तालुक्याला जाऊन नवी बॅटरी आणतो. दोन-तीन आठवडे सर्व काही सुरळीत चालते आणि मग नवी बॅटरीही उतरते. आता डायनॅमोवर संशय येतो व तोही बदलला जातो. तरीही बॅटरी उतरतेच. खर्च झालेला असतो, पेरणीचे दिवस गेलेले असतात, आणि मूळ दोष जेथे होता तेथेच राहिलेला असतो.

असे होण्याचे कारण एकच आहे. भाग आधी बदलले जातात व तपासणी मागाहून होते, किंवा मुळीच होत नाही. चार्जिंग-व्यवस्थेतील बरेचसे दोष ढिला पट्टा, गंजलेली जोडणी किंवा तुटलेला अर्थ अशा साध्या ठिकाणी असतात. एक व्होल्टमीटर व थोडा धीर एवढ्या भांडवलावर ते सापडू शकतात. मात्र तपासणी ठरलेल्या क्रमाने झाली पाहिजे. तो क्रम शेतकरी बंधूंस व गावपातळीवरील कार्यकर्त्यांस समजावा, हा या पाठाचा उद्देश आहे.

हा पाठ कोणत्या वाहनांसाठी आहे?

हल्लीच्या ट्रॅक्टरांत व मोटारींत वीज निर्माण करण्यासाठी आल्टरनेटर असतो. १९५० व १९६० च्या दशकांतील वाहनांत मात्र डायनॅमो असे. १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे तयार झालेला फर्ग्युसन टी. ई. २० हा ट्रॅक्टर, त्यामागून आलेला मॅसी फर्ग्युसन ३५, त्या काळातील विलीज जीप आणि तत्कालीन मोटारी या सर्वांची व्यवस्था डायनॅमोवर चालणारी होती. अशी वाहने आजही काही ठिकाणी कामात आहेत, तर काही ठिकाणी हौसेने जतन केलेली आहेत. ज्या जुन्या वाहनावर मागाहून आल्टरनेटर बसविलेला असेल, त्यावर पुढील डायनॅमो-चाचण्या करू नयेत. केल्यास आल्टरनेटर बिघडण्याचा संभव असतो.

व्यवस्थेची रचना

लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरविले असता तारेत वीज उत्पन्न होते. हे तत्त्व मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली दाखवून दिले, आणि डायनॅमो त्याच तत्त्वावर चालतो. त्याच्या आत फिरणारा जो भाग असतो त्यास आर्मेचर म्हणतात. आर्मेचरभोवती स्थिर वेटोळी असतात, ती फील्ड होत. आर्मेचरच्या टोकाला तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर असतो व त्यावर दोन कार्बन ब्रश टेकलेले असतात. ब्रशांच्या द्वारे वीज बाहेर येते. इंजिन बंद असतानाही फील्डच्या लोखंडात किंचित चुंबकत्व शिल्लक राहते. इंजिन सुरू होताच या शिल्लक चुंबकत्वामुळे थोडी वीज उत्पन्न होते, ती फील्डमध्ये जाऊन चुंबकत्व वाढविते व त्यामुळे आणखी वीज उत्पन्न होते.

डायनॅमोची वीज सरळ बॅटरीकडे जात नाही. मध्ये एक पेटी असते व तिच्यात सामान्यतः दोन उपकरणे असतात. पहिले कटआउट. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा अधिक झाला की ते जोडणी मिळविते व दाब कमी झाला की जोडणी तोडते. विहिरीवरील पंपाच्या नळीत पाणी उलट वाहू नये म्हणून जशी झडप असते, तसेच हे कटआउट होय. दुसरे रेग्युलेटर. इंजिन कितीही वेगाने फिरले तरी डायनॅमोचा दाब मर्यादेबाहेर जाऊ न देणे हे त्याचे काम आहे. काही वाहनांत विद्युत्-प्रवाहावर मर्यादा घालणारे तिसरे उपकरणही याच पेटीत असते.

चालकासमोर लाल दिवा किंवा अँमीटर असतो. लाल दिव्याचे एक टोक किल्लीच्या मार्गे बॅटरीशी व दुसरे डायनॅमोशी जोडलेले असते. डायनॅमो स्थिर असताना दिवा पेटतो. डायनॅमोचा दाब बॅटरीच्या दाबाइतका झाला की दोन्ही टोकांवरील दाब समान होऊन दिवा विझतो. हे तत्त्व ध्यानात ठेवल्यास दिव्याच्या वर्तनावरूनच दोषाचा बराच बोध होतो.

आधी वाहनाची जात ओळखावी

तपासणी सुरू करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून घ्याव्यात.

(१) दाब किती? बॅटरी ६ व्होल्टची आहे की १२ व्होल्टची, हे पाहावे. सुरुवातीच्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची व्यवस्था होती. या पाठातील आकडे १२ व्होल्टच्या व्यवस्थेचे आहेत. ६ व्होल्टच्या व्यवस्थेसाठी ते सुमारे निम्मे समजावेत.

(२) अर्थ कोणता? बॅटरीचे जे टोक वाहनाच्या अंगाशी जोडलेले असते त्यास अर्थ म्हणतात. त्या काळातील अनेक ब्रिटिश वाहनांत धन टोक अर्थ केलेले असे. आजच्या वाहनांत ऋण टोक अर्थ असते. बॅटरी बदलताना ही गोष्ट विसरून ती उलट जोडली जाते व त्यातून नवे दोष उद्भवतात.

(३) डायनॅमो कोणत्या पद्धतीचा? ल्यूकास बनावटीच्या ब्रिटिश डायनॅमोवर ‘डी’ हे मोठे व ‘एफ’ हे लहान अशी दोन टोके असतात. यांत फील्डचे एक टोक आतल्या आत अर्थ केलेले असते, व रेग्युलेटर ‘एफ’ला ‘डी’शी जोडून डायनॅमो जागा करतो. जीपसारख्या अमेरिकन वाहनांच्या डायनॅमोत पुष्कळदा उलट रचना असते. तेथे फील्ड आतून आर्मेचरशी जोडलेले असते व रेग्युलेटर ‘एफ’ला अर्थ करून डायनॅमो जागा करतो. एका पद्धतीची चाचणी दुसऱ्या पद्धतीच्या डायनॅमोवर केल्यास चुकीचा निष्कर्ष निघतो. शंका असल्यास वाहनाची माहितीपुस्तिका किंवा अनुभवी ऑटो-इलेक्ट्रिशियन यांचा आधार घ्यावा.

सुरक्षिततेचे नियम

बॅटरी भरत असताना तिच्यातून हायड्रोजन वायू बाहेर पडतो व तो ठिणगीने स्फोट पावतो. म्हणून बॅटरीजवळ विडी, काडी वा कंदील नेऊ नये. बॅटरीची तार सोडताना अर्थाकडील तार प्रथम सोडावी व जोडताना ती शेवटी जोडावी, म्हणजे पान्हा वाहनाच्या अंगाला लागला तरी ठिणगी पडत नाही. हातातील अंगठी, कडे व घड्याळ काढून ठेवावे. बॅटरीतील आम्ल अंगावर उडाल्यास ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. डोळ्यांत गेल्यास डोळे बराच वेळ स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जावे. इंजिन चालू असताना धोतर, उपरण्याचा सोगा किंवा सैल बाही पट्ट्याजवळ येऊ देऊ नये. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये व ब्रेक लावून उभा करावा.

लागणारे साहित्य

डी.सी. व्होल्टमीटर (साधा मल्टिमीटर चालतो), हायड्रोमीटर, पान्हे व पेचकस, बारीक काचपेपर, स्वच्छ सुती फडके, थोडे पेट्रोल, हातभर उघडी तार व बॅटरीचे शुद्ध पाणी एवढे साहित्य पुरेसे आहे. काट्याचा मीटर असल्यास उत्तम. डायनॅमोच्या चाचणीत आकड्यापेक्षा त्याची चढउतार पाहावयाची असते, आणि ती काट्यावर चांगली कळते.

पायरी पहिली : बॅटरी

प्रथम बॅटरीच्या प्रत्येक घरातील पाण्याची पातळी पाहावी. पट्ट्या उघड्या पडल्या असल्यास शुद्ध पाणी घालावे. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घालू नये व आम्ल मुळीच घालू नये. नंतर बॅटरी बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरून घ्यावी आणि काही तास तशीच ठेवून दाब मोजावा. चांगली भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ व्होल्टच्या आसपास ती निम्मी उतरलेली असते व १२ व्होल्टच्या खाली बहुतेक रिकामी झालेली असते.

हायड्रोमीटरने प्रत्येक घराचे विशिष्ट गुरुत्व पाहावे. उष्ण प्रदेशासाठी निर्माते सौम्य आम्ल वापरतात, म्हणून पूर्ण भरलेल्या बॅटरीचा आकडा बॅटरीवर किंवा तिच्या पत्रकावर पाहून घ्यावा. पाच घरे सारखी व एकच घर फार मागे असेल, तर ते घर खराब झाले असे समजावे. अशी बॅटरी डायनॅमो कितीही चांगला असला तरी टिकणार नाही. सर्व घरे सारखीच उतरलेली असतील, तर बॅटरीस दोष न देता पुढील पायरीकडे वळावे.

पायरी दुसरी : पट्टा

इंजिन बंद ठेवून पंखा व डायनॅमो यांच्या कप्प्यांमधील पट्टा अंगठ्याने दाबावा. तो साधारण अर्धा ते पाऊण इंच दबावा. त्याहून अधिक दबल्यास पट्टा घसरतो व डायनॅमोस पुरेसा वेग मिळत नाही. फार ताणलेला पट्टाही वाईट, कारण त्याने डायनॅमोचे बेअरिंग लवकर झिजते. पट्टा तेलाने माखलेला, चिरलेला किंवा कप्पीच्या तळाला टेकेपर्यंत झिजलेला असल्यास बदलावा.

पायरी तिसरी : जोडण्या व अर्थ

बॅटरीची टोके सोडून त्यांवरील पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवावा, काचपेपरने धातू चकचकीत करावा, टोके घट्ट आवळावीत व वर व्हॅसलिनचा पातळ लेप द्यावा. अर्थाची पट्टी जेथे ट्रॅक्टरच्या अंगाला जोडलेली असते तेथील रंग व गंज खरवडून काढावा.

अर्थ चांगला आहे की नाही, हे मापाने ठरवावे. व्होल्टमीटरची एक तार बॅटरीच्या अर्थ टोकाच्या शिशावर व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर धरावी. डिझेल ट्रॅक्टरात इंजिन बंद करण्याचा दट्ट्या ओढून धरावा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. आणि सहकाऱ्याने क्षणभर स्टार्टर फिरवावा. मीटरने अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक दाखविल्यास त्या मार्गात कोठेतरी अडथळा आहे असे समजावे. डोळ्यांना चांगली दिसणारी पट्टीही आतून कुजलेली असू शकते. ती या परीक्षेत उघडी पडते.

पायरी चौथी : बॅटरी भरते की नाही?

आता बॅटरीच्या दोन टोकांवर मीटर लावून इंजिन सुरू करावे व वेग मध्यम ठेवावा. दाब वाढून सुमारे १३.५ ते १५ व्होल्टच्या दरम्यान आला, तर बॅटरी भरली जात आहे. तो वाढलाच नाही, तर भरण होत नाही. याच वेळी लाल दिव्याकडे लक्ष द्यावे.

किल्ली लावताच दिवा पेटतो व वेग वाढताच विझतो : व्यवस्था ठीक आहे.

वेग वाढवूनही दिवा पूर्ण पेटलेलाच राहतो : डायनॅमो वीज देत नाही, किंवा त्याची तार तुटली आहे.

दिवा मंद जळत राहतो : जोडण्यांत किंवा कटआउटच्या टोकांत अडथळा आहे.

दिवा एकदा मावळतो व वेग वाढताच पुन्हा उजळत जातो : डायनॅमो वीज देत आहे, परंतु ती बॅटरीपर्यंत पोचत नाही. पेटीचा अर्थ तुटला असण्याचा येथे विशेष संशय घ्यावा.

इंजिन बंद असताना किल्ली लावूनही दिवा पेटत नाही : दिवा गेलेला असेल किंवा बॅटरी रिकामी असेल, अथवा कटआउटची टोके एकमेकांस चिकटली असतील. या शेवटच्या स्थितीत बॅटरीतील वीज उलट डायनॅमोत वाहते व डायनॅमो तापू लागतो. इंजिन बंद असताना डायनॅमो हातास गरम लागल्यास किंवा जळका वास आल्यास बॅटरीची अर्थाकडील तार ताबडतोब सोडावी, अन्यथा तारा पेटून आग लागण्याचा धोका असतो.

पायरी पाचवी : डायनॅमोची परीक्षा

ही परीक्षा ल्यूकास पद्धतीच्या डायनॅमोसाठी आहे. ‘डी’ व ‘एफ’ या दोन्ही टोकांवरील तारा खूण करून सोडाव्यात. प्रथम केवळ ‘डी’ व डायनॅमोचे अंग यांमध्ये मीटर लावून इंजिन सुरू करावे व मंद वेगाहून किंचित अधिक, मिनिटास सुमारे १,००० फेऱ्यांपर्यंत न्यावे. मीटरने सुमारे १.५ ते ३ व्होल्ट दाखविल्यास शिल्लक चुंबकत्व, आर्मेचर व ब्रश शाबूत आहेत.

नंतर इंजिन बंद करून ‘डी’ व ‘एफ’ ही टोके उघड्या तारेने एकमेकांस जोडावीत आणि मीटर त्या जोडाशी व डायनॅमोच्या अंगाशी लावावा. इंजिन सुरू करून वेग हळूहळू वाढवावा. दाब न डळमळता झपाट्याने वाढला पाहिजे. तो २० व्होल्टपर्यंत जाऊ देऊ नये व त्यासाठी इंजिन पळवू नये. डायनॅमो चांगला असल्यास हलक्या वेगातही दाब चढतो. जोडतारेसह इंजिन अधिक वेळ चालविल्यास डायनॅमो जळू शकतो, म्हणून ही परीक्षा काही सेकंदांतच उरकावी.

वाचनाचा अर्थ पुढीलप्रमाणे लावावा. काहीच वाचन नसल्यास ब्रश अडकले, झिजले किंवा कम्युटेटरपासून सुटले आहेत. अर्धा ते एक व्होल्ट एवढेच वाचन असल्यास फील्डच्या वेटोळ्यात दोष असावा. चार-पाच व्होल्टांवर वाचन थांबल्यास आर्मेचरमध्ये दोष असावा. काटा थरथरत असल्यास कम्युटेटर मळलेला किंवा ब्रश सैल आहेत.

ज्या अमेरिकन पद्धतीच्या डायनॅमोत ‘एफ’ अर्थ करावयाचे असते, तेथे ‘एफ’ टोक तारेने डायनॅमोच्या अंगाशी जोडावे व आर्मेचरचे टोक आणि अंग यांमध्ये मीटर लावावा. बाकीची रीत तीच.

पायरी सहावी : ब्रश व कम्युटेटर

ब्रश घरात सहज वर-खाली सरकला पाहिजे. अडकत असल्यास पेट्रोलच्या फडक्याने पुसावा. सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत झिजलेला ब्रश बदलावा. कम्युटेटर स्वच्छ, गुळगुळीत व तपकिरी झाकेचा असावा. काळा पडला असल्यास पेट्रोलने किंचित ओल्या केलेल्या फडक्याने पुसावा; तेवढ्याने न भागल्यास आर्मेचर फिरवीत बारीक काचपेपर लावावा. एमरी पेपर लावू नये, कारण त्याचे कण वीजवाहक असल्याने पट्ट्यांच्या मधल्या खाचांत रुतून दोष वाढवितात. पेट्रोल पूर्ण उडून गेल्यावाचून इंजिन सुरू करू नये.

पायरी सातवी : तारा व पेटी

डायनॅमो चांगला ठरल्यास ‘डी’-‘एफ’ची जोडतार तशीच ठेवून मूळ तारा डायनॅमोस जोडाव्यात व पेटीकडील दोन्ही टोके पेटीतून सोडावीत. ती कोठे टेकणार नाहीत अशी धरून इंजिन पूर्वीप्रमाणे हळू चालवावे व प्रत्येक तारेचा अर्थाशी दाब मोजावा. डायनॅमोपाशी मिळालेला दाबच येथेही मिळाला पाहिजे. न मिळाल्यास ती तार मध्ये तुटलेली आहे. इंजिनाच्या हादऱ्याने घासलेल्या व उंदरांनी कुरतडलेल्या तारांकडे विशेष लक्ष द्यावे. परीक्षा झाल्यावर जोडतार काढण्यास विसरू नये.

पेटीच्या ‘ए’ टोकावर इंजिन बंद असतानाही बॅटरीचा पूर्ण दाब असला पाहिजे. ‘ई’ टोक व ट्रॅक्टरचे अंग यांमध्ये मीटर लावल्यास इंजिन चालू असताना शून्य दिसले पाहिजे. तेथे दाब दिसल्यास पेटीचा अर्थ तुटला आहे.

येथवर सर्व ठीक असूनही भरण होत नसेल, तरच पेटी उघडावी, तीही बॅटरीची तार सोडून. टोकांवरून स्वच्छ कोरडा कागद ओढून धूळ काढावी. ल्यूकास पेटीत कटआउटची टोके बारीक काचपेपरने व रेग्युलेटरची टोके बारीक कार्बोरंडमच्या दगडाने साफ करतात. मग स्पिरिटने पुसतात. आतील स्क्रू मात्र अंदाजाने फिरवू नयेत. कटआउट साधारणतः १२.७ ते १३.३ व्होल्टांच्या दरम्यान जोडणी मिळविते व रेग्युलेटरचा दाब हवेच्या उष्णतेप्रमाणे ठरविलेला असतो. चांगल्या मीटरवाचून व निर्मात्याच्या आकड्यांवाचून ते जुळविता येत नाहीत. हे काम जाणकाराकडून करून घ्यावे.

डायनॅमो ‘विसरला’ असल्यास

वाहन पुष्कळ दिवस उभे राहिले, डायनॅमो दुरुस्त करून आणला किंवा बॅटरी उलट जोडली गेली, तर शिल्लक चुंबकत्व नाहीसे होते अथवा उलट होते. अशा वेळी बॅटरी योग्य दिशेने जोडलेली असल्याची खात्री करून, इंजिन बंद ठेवून, ल्यूकास डायनॅमोच्या ‘एफ’वरील तार सोडावी आणि बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टोकापासून घेतलेली तार ‘एफ’ टोकास दोन-तीन वेळा क्षणभर टेकवावी. ‘एफ’ची मूळ तार न सोडता हे केल्यास रेग्युलेटर जळतो. ठिणगी पडत असल्याने हे काम बॅटरीपासून दूर, डायनॅमोपाशी करावे. अमेरिकन पद्धतीत ही रीत लागू नाही. तेथे इंजिन बंद असताना रेग्युलेटरवरील बॅटरी व आर्मेचर ही टोके तारेने क्षणभर जोडतात.

दोष नसतानाही बॅटरी उतरते

त्या काळचे सामान्य डायनॅमो सुमारे २० अँपिअर किंवा त्याहूनही कमी प्रवाह देत, व तोही इंजिन चांगल्या वेगात असताना. ३६ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर ६ अँपिअर घेतात. त्यांत ५५ वॅटचे आणखी दोन दिवे जोडल्यास नऊ अँपिअरहून अधिक भर पडते व एकूण मागणी १५ अँपिअरच्या वर जाते. रात्री सर्व दिवे लावून इंजिन मंद वेगात तासन्‌तास चालविल्यास बॅटरी भरण्याऐवजी उतरते. हा यंत्राचा दोष नव्हे. दिवे कमी करावेत किंवा कमी वीज घेणारे एल.ई.डी. दिवे बसवावेत, मात्र धन अर्थ असलेल्या ट्रॅक्टरवर ते त्या जोडणीस योग्य आहेत की नाही हे पाहूनच घ्यावेत.

याउलट बॅटरीचे पाणी वारंवार कमी होत असेल व भरलेल्या बॅटरीवरही दाब दीर्घकाळ १५ व्होल्टांहून बराच अधिक राहत असेल, तर भरण अतिरिक्त होत आहे. रेग्युलेटरची टोके चिकटली किंवा पेटीचा अर्थ सैल झाला, हे त्याचे संभाव्य कारण होय. अशा स्थितीत दिवे जळतात व बॅटरी अकाली निकामी होते.

एक उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याने दिवाळीनंतर आपला जुना ट्रॅक्टर रंगवून घेतला. त्यानंतर बॅटरी उतरू लागली. त्याने नवी बॅटरी घेतली, तीही पंधरा दिवसांत उतरली. गावातील कार्यकर्त्याने क्रमाने तपासणी केली. बॅटरी बाहेर भरल्यावर तिची सर्व घरे सारखी होती. पट्टा ठीक होता. बॅटरीचा अर्थ ठीक होता. इंजिन चालवल्यावर मात्र दाब १२.४ व्होल्टांवरून हलला नाही, आणि लाल दिवा एकदा मावळून वेगाबरोबर पुन्हा उजळला. डायनॅमोच्या परीक्षेत दाब झपाट्याने चढला. तारांतही तो तसाच मिळाला. पेटीच्या ‘ई’ टोकावर शून्याऐवजी कित्येक व्होल्ट दिसले. पेटी सोडून पाहता तिच्या अर्थाच्या जोडाखाली नव्या रंगाचा जाड थर आढळला. तो खरवडून जोड आवळताच दिवा विझला व बॅटरीवरील दाब १४ व्होल्टांवर गेला. दुरुस्तीस काचपेपरचा एक तुकडा लागला. डायनॅमो बदलला असता तर खर्च वाया गेला असता. आणि अर्थाशिवाय रेग्युलेटर काम करीत नसल्याने नवा डायनॅमोही जळण्याचा धोका होता.

नित्याची निगा

दर आठवड्यास बॅटरीचे पाणी व पट्टा पाहावा. डायनॅमोच्या मागील बाजूस तेलाचे छिद्र असल्यास माहितीपुस्तिकेत दिलेल्या मुदतीने इंजिन-तेलाचे दोन-चार थेंबच घालावेत. अधिक तेल कम्युटेटरवर जाऊन तो बिघडवते. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा ठेवायचा असल्यास बॅटरी काढून कोरड्या जागी ठेवावी व महिन्यातून एकदा भरावी. दुसऱ्या वाहनाच्या बॅटरीवरून ट्रॅक्टर सुरू करताना धनास धन व ऋणास ऋण जोडावे. दोन्ही वाहनांचे अर्थ भिन्न असतील तर त्यांची अंगे एकमेकांस लागू देऊ नयेत.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

पेरणीच्या एक महिना आधी गावातील जुने ट्रॅक्टर एका ठिकाणी आणून पहिल्या चार पायऱ्यांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे. प्रत्येक ट्रॅक्टरमालकास आपल्या वाहनाचा दाब, अर्थाचे टोक व डायनॅमोची पद्धती वहीत लिहून ठेवण्यास सांगावे. तीच वही पुढे दुरुस्तीच्या वेळी सर्वांत उपयोगी पडते.

बॅटरी, पट्टा, जोडण्या, डायनॅमो, तारा आणि सर्वांत शेवटी पेटी, हा क्रम शेतकऱ्याने पाठ करावा. मापून पाहिल्यावाचून कोणताही भाग बदलू नये. एवढा नियम पाळला, तर पेरणीच्या सकाळी ट्रॅक्टर ढकलण्यासाठी माणसे गोळा करण्याची वेळ सहसा येणार नाही.